गव्हर्नरांची धर्मलेक

राजधानी, १६ मार्च १९४७

लालाताई,

बसच्या ड्रायव्हरनं तुझं पत्र थेट बँडच्या तालमीत आणून दिलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहात हे वाचून जीव भांड्यात पडला. नाव आल्ताग्रासिया ठेवलंस, छान केलंस. मेलितोन असता तर पोरीला खांद्यावर घेऊन सगळ्या गावभर मिरवलं असतं त्यानं. खाणीनं त्याला तेवढी उसंत दिली नाही. तो विषय आता नको, मला पुढचं लिहवणार नाही.

तू विचारलंयस, "चेंचो, माझ्या मुलीचा धर्मबाप होशील का?" ताई, जिला बापच नाही तिचा धर्मबाप म्हणजे अख्खा बाप. तो काय ट्युबा फुंकणाऱ्यानं व्हायचं? माझं बूड एका जागी टिकत नाही, खिसा सदा फाटका, आणि दोनदा ठरलेलं लग्न मीच मोडलंय. पोरीचं नशीब माझ्या गळ्यात कशाला बांधतेस? मी तिच्यासाठी असा माणूस शोधलाय की ऐकून तू खुर्चीवरून पडशील. आधी नीट बस.

गेल्या गुरुवारी चौकात आमचं वादन होतं. आमच्या मास्तरांनी बांधलेली संचलनाची धून, 'गव्हर्नर आबुंदियो साल्मेरोन मार्च', वाजवली. आबुंदियोसाहेब इतके खूश झाले की स्वतः पायऱ्या चढून आमच्यात आले. "मागा, काय हवंय ते मागा!" बाकीच्यांनी नव्या टोप्या मागितल्या. मी म्हटलं, "साहेब, माझ्या भाचीला धर्मबाप हवाय." ते आधी चकित झाले, मग पोट धरधरून हसले आणि म्हणाले, "होतो की! फक्त चर्चमध्ये मला बोलावू नका, सरकारचं नि चर्चचं वाकडं, आम्हां सरकारी लोकांना तिथं दिसणं परवडत नाही. माझ्या वतीनं तूच उभा राहा."

म्हणजे बघ, मी असेनच. फक्त नाव त्यांचं. आणि धर्मबाप नि मुलीची आई एकमेकांचे कोंपाद्रे-कोमाद्रे होतात, तेव्हा उद्यापासून राज्याचा गव्हर्नर तुला "कोमाद्रे एउलालिया" म्हणणार! आपल्या आईनं ऐकलं असतं तर?

तुझा,
चेंचो

•

लास तुसास, २५ मार्च

चेंचो,

मी विचारलं घरात दूध आहे का, आणि तू सांगतोयस गावात सर्कस आलीय.

मला गव्हर्नर नको होता. तू हवा होतास. पण तो ड्रायव्हर तुझी पत्रं माझ्याकडं देण्याआधी वाचतो आणि मग सगळ्या गावाला सांगतो, हे तुला ठाऊक असूनही तू लिहिलंस. आता मी 'नको' म्हणायची सोयच राहिली नाही. गावचा अध्यक्ष फोर्तुनातो रोज माझ्या खानावळीत येऊन बसतो आणि मक्याचं गरम आतोले फुकट पितो, कारण म्हणे आता आपण एका घरचे. त्यानं चर्चची भिंत रंगवायला काढलीय. रस्त्यातले खड्डेसुद्धा बुजवलेत, पण फक्त बसथांब्यापासून चर्चपर्यंत.

फादर सेलेदोनियो म्हणाले, "बाई, धर्मबाप मोठा असला म्हणून बिघडत नाही. वेळेला हाकेला आला म्हणजे झालं."

१३ एप्रिलचा रविवार ठरलाय. दाढी करून ये. आणि येताना तो भोंगा आणू नकोस, बाळ घाबरेल.

लाला

•

लास तुसास, १५ एप्रिल

चेंचो,

जेवण संपायच्या आत बस पकडून पळालास, म्हणून तोंडावर बोलायचं ते कागदावर लिहितेय.

सकाळी तार आली तेव्हा मी जेवणासाठी मोलेचा रस्सा ढवळत होते. फोर्तुनातो पांढराफटक होऊन दारात उभा. "गव्हर्नर आबुंदियो साल्मेरोन प्रकृतीच्या कारणास्तव दीर्घ रजेवर." सकाळी सहा अंडी खाणारा माणूस, त्याला कसली आलीय प्रकृती! मेक्सिको शहरातून कुणीतरी भुवई उंचावली आणि हा गेला, एवढं माझ्यासारखीलाही कळतं. ते मोठ्यांचं मोठ्यांपाशी. मला एवढंच वाटलं की आता तरी चेंचो शहाणा होईल आणि स्वतःचं नाव सांगेल.

पण तू काय केलंस? फादरनी विचारलं, "धर्मबापाचं नाव?" तू टाय सैल केलास, छताकडं पाहिलंस आणि म्हणालास, "राज्याचे माननीय गव्हर्नर."

"नाव, मुला, नाव."

"जे कोणी असतील ते, फादर."

अरे, बाप्तिस्मा आहे की तहसील कचेरी? मागं फोर्तुनातोनं टाळ्या वाजवल्या म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या. फादरनी एक निःश्वास सोडला आणि पाणी घातलं. बाहेर तू पोरांवर सुट्टी नाणी उधळलीस तेव्हा ती ओरडत होती, "गव्हर्नरांचा विजय असो!" कुठल्या गव्हर्नरांचा, ते त्यांना माहीत नव्हतं, तुलाही नव्हतं. आता गावात ठरलंय की त्या खुर्चीवर जो बसेल तो आल्ताचा धर्मबाप. ज्या खुर्चीवरून माणसं अशी घसरतात, तिला मी माझी मुलगी बांधून ठेवलीय.

मी फार रागावलेय. तरी एक सांगते. ती सकाळपासून रडत होती. तू तिला त्या तुझ्या भोंग्यासारखी दोन्ही हातांनी छातीशी धरलीस आणि ती गप्प झाली. हे लिहायचं नव्हतं, लिहून गेले.

लाला

•

राजधानी, ४ मे

ताई गं,

राग समजतो. पण तू माझ्या जागी असतीस तर? त्या रविवारी मी आबुंदियोसाहेबांचं नाव घेतलं असतं, तर सोमवारी बँडमधून बाहेर पडलो असतो. इथं त्यांच्या नावाचे फलक दुपारच्या जेवणाआधीच उतरवले. आमच्या मास्तरांनी मार्चच्या कागदांवरचं 'आबुंदियो साल्मेरोन' खोडून वर 'सेवेरो बुस्तिन्सा' लिहिलं. सूर तेच, जिथं ढोल वाजतो तिथं ढोल, जिथं मी भों करतो तिथं मी. हे सेवेरोसाहेब म्हणजे हंगामी गव्हर्नर. पेशानं वकील, बारीक आवाजाचे. मार्च ऐकून म्हणाले, "वा, पहिल्याच वेळी ओळखीचा वाटतोय!" मास्तर म्हणाले, "थोरांचं संगीत असंच असतं, साहेब." मी हसू आवरायला भोंग्यात तोंड खुपसलं.

आता खरी बातमी. मी त्यांच्या सचिवाला तुझ्या मुलीची गोष्ट सांगितली. म्हटलं, आम्ही गव्हर्नर या पदालाच धर्मबाप केलंय! सेवेरोसाहेबांना हे इतकं आवडलं की त्यांनी सहीचा फोटो पाठवलाय, चांदीच्या रंगाच्या चौकटीत. बघ, माझी चूक कशी कामाला आली! बाकीच्या पोरांचा एकच धर्मबाप असतो, तो म्हातारा होतो, मरतो. आपली आल्ता म्हातारी होईल पण तिचा धर्मबाप सदा नवा.

खिळा मजबूत मार. चौकट जड आहे.

चेंचो

•

लास तुसास, २० ऑगस्ट

चेंचो,

फोटो मिळाला. त्यावर लिहिलंय, 'माझ्या लाडक्या धर्मपुत्रास.' पोरीला अजून वाचता येत नाही हे बरं.

गावाला मात्र आनंदाचं भरतं आलंय. ज्याला जे हवं ते तो आल्ताच्या नावानं मागतो. "धर्मबाबा, आमच्या गावाला पंप द्या." "धर्मबाबा, पुलाचा कठडा पडलाय." खाली तिच्या अंगठ्याचा ठसा. अंगठा कोळशात बुडवायला फोर्तुनातो स्वतः येतो आणि ती तोच अंगठा मग तोंडात घालते. सगळं तोंड काळं. मीही हसले, खोटं कशाला बोलू? पंप काही आला नाही, पण प्रत्येक अर्जाला आभाराचं उत्तर येतं.

मग जुलैत तिला ताप चढला. उतरेच ना. दूध घेईना, डोळे उघडीना. डॉक्टर घाट उतरून पलीकडच्या शहरात, आणि पावसानं बस बंद. फोर्तुनातो म्हणाला, "धर्मबापाला तार करू, गाडी पाठवतील." केली तार. आम्ही वाट पाहिली. मी मूर्खासारखी त्या फोटोकडं बघत बसले होते, चेंचो. त्याच्या मिश्या, त्याची ती खुर्ची. शेवटी कांद्याच्या ट्रकवाल्या नाबोरनं आम्हांला पोत्यांवर बसवलं आणि चिखलातून नेलं. डॉक्टरनी सुई दिली. आल्ता वाचली. आता तर मांडीवर उभी राहून माझे केस ओढते.

घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. 'राज्य सरकार आपल्या देशप्रेमाची नोंद घेत आहे.'

मी तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. पण त्या दिवसांत मला कुणाला तरी धर्मबाप म्हणून हाक मारायची होती आणि माझ्याकडं माणूसच नव्हता. खुर्चीला काय हाक मारायची?

लाला

•

राजधानी, २ सप्टेंबर

ताई,

पत्र तीनदा वाचलं आणि मास्तरांकडून रजा घेऊन नुसताच चालत राहिलो. पोर आजारी होती आणि मी इथं कुणाच्या तरी वाढदिवसाला पोल्का वाजवत होतो. मला तार का नाही केलीस? मी चालत आलो असतो. देवाशपथ.

तिच्यासाठी लोकरीचं टोपडं पाठवतोय. सोबत नाबोरला एक बाटली. तू पिऊ नकोस, तुला चढते.

चेंचो

•

लास तुसास, १० नोव्हेंबर

चेंचो,

टोपडं बसतं. बाटली नाबोरला दिली, अर्धी.

तार का केली नाही म्हणतोस? धर्मबापाला करायची होती म्हणून. ती जागा तू दुसऱ्याला देऊन बसलायस.

आता नीट वाच. बिशप येताहेत. कित्येक वर्षांनी आपल्या गावात बाप्तिस्मा पक्का करणारं दृढीकरण होणार, सगळी कडेवरची पोरं रांगेत. बिशप कपाळाला तेल लावतात तेव्हा मुलाच्या खांद्यावर हात ठेवून धर्मबाप उभा लागतो. वतीनं बितीनं काही चालायचं नाही, हाडामांसाचाच लागतो. फादर सेलेदोनियोंनी बिशपना आपली गोष्ट आधीच कळवली. उत्तर आलं, "पदाला हात नसतात. मुलीसाठी माणूस आणा."

हे विचारायला मला दुसऱ्यांदा लाज वाटतेय, पण विचारते. ३० नोव्हेंबर, रविवार, दुपारी. येशील?

लाला

•

राजधानी, १८ नोव्हेंबर

ताई,

नेमकी तीच तारीख कशी काढली गं तुझ्या बिशपनी?

३० नोव्हेंबरला सकाळी नव्या गव्हर्नरांचा शपथविधी आहे. हे हंगामी नाहीत, रीतसर निवडून आलेले, जनरल एपिग्मेनिओ ताबारेस. सहा वर्षं हलायचे नाहीत. मास्तरांनी मार्चवर त्यांचं नाव चढवलंय, आणि मधे चार ओळींची जागा फक्त माझ्या ट्युबाला दिलीय. एकट्याला! गेली बारा वर्षं मी मागं उभा राहून भों-भों करतोय, कुणी मान वळवून पाहिलं नाही. मास्तरांनी शब्द दिलाय, हे नीट झालं की मी उपमास्तर. हातात छडी, ताई! मग मी बूड टेकून बसेन, खोली घेईन, तुला नि आल्ताला इकडं आणीन. तेव्हा धर्मबाप व्हायला मला तोंड असेल. आज काय आहे माझ्याकडं?

या खेपेला फोर्तुनातोला उभं कर. तो आनंदानं राहील. माझ्यावर रागावू नकोस.

चेंचो

•

लास तुसास, २४ नोव्हेंबर

चेंचो,

फोर्तुनातोला विचारणार नाही. कुणालाच विचारणार नाही. तुझं वाजवणं छान होवो, हे मनापासून म्हणतेय.

मी तिला घेऊन रांगेत उभी राहीन. तिच्या मागची जागा मोकळी राहील.

लाला

•

राजधानी, ४ डिसेंबर

ताई,

सुखरूप पोचलो. मला बँडमधून काढलेलं नाही. नाताळपर्यंत झांजा दिल्यात. ट्युबा आता एक सतरा वर्षांचा पोरगा वाजवतो, त्याचे गाल बघून मला रडू येतं. छडी गेली. जनरलसाहेबांनी माझ्या चार ओळींशिवायचा मार्च ऐकला आणि मास्तरांना म्हणाले, "मधे जरा शांतता ठेवलीत, फार छान!" हे ऐकून मी दिवसभर जेवलो नाही, आणि संध्याकाळी दोघांचं जेवलो.

तू विचारलं होतंस, काय झालं ते. तिथं गर्दीत सांगता आलं नाही, इथं सांगतो. आम्ही चौकात रांगेत उभे होतो. मी कागद उघडला. त्यावर आबुंदियो साल्मेरोन खोडलेलं, सेवेरो बुस्तिन्सा खोडलेलं, आणि वर कोपऱ्यात कसंबसं एपिग्मेनिओ ताबारेस. मास्तरांनी इतकं बारीक लिहिलं होतं, मी विचारलं का. ते म्हणाले, "पुढच्यासाठी जागा नको का ठेवायला?" त्यांना नुसतं कामाचं बोलायचं होतं. मी मात्र कागद मिटला. हे येतच राहणार, ताई, आणि मी दरवेळी म्हणणार, एवढा एक होऊ दे. मी ट्युबा ढोलवाल्याच्या पायाशी ठेवला आणि बसथांब्याकडं पळत सुटलो. युनिफॉर्म बदलायलाही थांबलो नाही.

तुला राग नाही ना आता?

चेंचो

•

लास तुसास, ११ डिसेंबर

प्रिय कोंपाद्रे,

तुमचं पत्र मिळालं. त्यात तुम्ही मला 'तू' लिहिलंय. यापुढं चालणार नाही. फादर सेलेदोनियोंनी परवा बजावलं: सख्खे भाऊ-बहीण असले तरी एकदा कोंपाद्रे-कोमाद्रे झाले की एकमेकांना 'तुम्ही'च म्हणायचं, कारण आता मधे मूल उभं असतं. आपल्या आईनं तिच्या भावाला मरेपर्यंत 'तुम्ही' म्हटलेलं मला आठवतं. तेव्हा मलाही शिकावं लागेल आणि तुम्हालाही.

त्या दुपारी तुम्हाला जे दिसलं नाही ते सांगते. बस थांबली आणि तुम्ही उतरलात. खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळी बटणांच्या दोन रांगा, डोक्यावर ती पिसाची टोपी. फोर्तुनातो किंचाळला, "आले! स्वतः आले! गव्हर्नरसाहेब आले!" आणि चर्चची घंटा वाजायला लागली. त्यानं स्वागताचं भाषण काढलं, ते बाप्तिस्म्यापासून त्याच्या खिशातच होतं. मुलांनी विजय असोच्या आरोळ्या ठोकल्या. नाबोरची बायको तर गुडघ्यावर बसली. तुम्ही बिचारे घामाघूम होऊन सगळ्यांना सलाम करत वाट काढत होता, आणि मी रांगेतून बघत होते. मला ना हसता येत होतं, ना रडता. आता मात्र आठवून रोज हसते. तोर्तिया भाजताना हसते, गिऱ्हाइकं विचारतात काय झालं.

मग बिशपसुद्धा फसले. तुम्ही आल्ताच्या मागं उभे राहून तिच्या खांद्यावर हात ठेवलात. त्यांनी तुमची झालर पाहिली आणि जरा वाकून विचारलं, "आपणच का ते गव्हर्नर?"

मी डोळे मिटून घेतले. खरं सांगते, कोंपाद्रे, मला वाटलं हा माणूस आता 'हो' म्हणेल. त्या क्षणी गावानं, बिशपनी, सगळ्यांनी तुम्हाला गव्हर्नर करून टाकलं होतं. असं कुणाला मिळतं?

"नाही, महाराज," तुम्ही म्हणालात. "क्रेसेन्सियो ओरोपेसा. मुलीचा मामा."

घंटा वाजवणाऱ्यालाही ऐकू गेलं असेल इतक्या मोठ्यानं. मी डोळे उघडले तेव्हा आल्ता माझ्या कडेवरून मागं वळून तुमचं पितळी बटण तोंडात धरून चघळत होती आणि बिशप हसत होते. फोर्तुनातो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आतोले प्यायला आला. मी त्याच्याकडून पैसे घेतले.

झांजांचं मनाला लावून घेऊ नका. छडीचं वाईट मलाही वाटलं, ते लपवत नाही. तुम्ही त्या दुपारी काय सोडून आलात ते मला कळतं. रोज कळतं. आल्ता मोठी झाली की तिलाही सांगेन, आणि खोली घेतल्याशिवाय तोंड दाखवणार नाही असलं काही पुन्हा लिहिलंत तर ते पत्र चुलीत घालीन. नाताळात या. पुढचा गव्हर्नर कोण ते मला सांगू नका, ड्रायव्हर सांगेलच.

तुम्हाला मी कडेवर घेऊन फिरवलंय. तुमचा शेंबूड पुसलाय, तुमच्या पाठीत धपाटे घातलेत. आता 'तुम्ही' लिहिताना हात अडखळतो, तीन कागद फाडले. शेवटी ठरवलं, शिव्या द्यायच्या त्या द्यायच्याच, फक्त मानानं. तर ऐका. तुम्ही शुद्ध गाढव आहात. नऊ महिने उशीर केलात, कोंपाद्रे. पण आलात.

तुमची कोमाद्रे,
एउलालिया